रेडिओ आकाशाची मोजदाद

उत्तर आकाशात कालेय नावाचा जो लांबट तारकासमूह आहे, ज्याला पाश्चात्त्य परंपरेत ड्रॅको म्हणतात, त्याच्या एका कडेला सोळा तास दहा मिनिटे विषुवांश आणि पंचावन्न अंश उत्तर क्रांती या स्थानाभोवती आकाशाचा एक तुकडा आहे, आणि त्यात नुसत्या डोळ्यांना लक्षात राहील असे काहीही नाही. खगोलशास्त्रज्ञ या तुकड्याला ‘इलेस-एन१’ म्हणतात. हे नाव १९९५ मध्ये अवकाशात गेलेल्या आयएसओ या युरोपीय अवरक्त दुर्बिणीच्या विस्तृत सर्वेक्षणावरून पडले असून, त्या सर्वेक्षणासाठी उत्तर गोलार्धात निवडलेले हे पहिले क्षेत्र होते. पुढे दृश्य प्रकाशाच्या, अवरक्ताच्या आणि रेडिओ लहरींच्या दुर्बिणी पुन्हा पुन्हा याच ठिकाणी वळल्या. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपने, म्हणजेच जीएमआरटीने, ६१० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर या भागातील १२.८ चौरस अंश क्षेत्र तपासले, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाच्या यादीत सुमारे ६,४०० रेडिओ स्रोतांची नोंद झाली. पौर्णिमेचे चंद्रबिंब आकाशाचा साधारण ०.२ चौरस अंश भाग व्यापते. म्हणजे चौसष्ट चंद्रबिंबे मावतील एवढ्या, वरवर रिकाम्या दिसणाऱ्या जागेत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ६,४०० वस्तू सापडल्या, आणि त्यांतील बहुतेक सर्व आकाशगंगेच्या पलीकडच्या, दूरच्या दीर्घिका आहेत.

रिकामी जागा निवडण्यामागे कारण आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात वायू, धूळ आणि ताऱ्यांच्या स्फोटांचे अवशेष इतके दाटलेले असतात की त्यामागच्या मंद वस्तू वेगळ्या काढणे कठीण होते. इलेस-एन१ हे क्षेत्र त्या पट्ट्यापासून सुमारे पंचेचाळीस अंश दूर आहे आणि तेथे अवरक्त निरीक्षणांना अडथळा आणणारी धूळही विरळ आहे. रेडिओ निरीक्षकाच्या दृष्टीने आणखी एक अट असते: जवळपास फार प्रखर रेडिओ स्रोत नसावा, कारण अशा स्रोताभोवती प्रतिमेत कडी आणि पट्टे उमटतात व मंद स्रोत त्यांखाली लपतात. शिवाय क्रांती पंचावन्न अंश असल्याने, एकोणीस अंश अक्षांशावरच्या खोडदहून हे क्षेत्र क्षितिजापासून चौपन्न अंशांपर्यंत वर चढते आणि बराच वेळ निरीक्षणाच्या टप्प्यात राहते. आकाशाच्या एखाद्या भागाची यादी करण्याचे काम अशा रीतीने निरीक्षणाच्या खूप आधी, जागेच्या निवडीपासूनच सुरू होते, आणि त्या निवडीचा ठसा शेवटच्या यादीवर राहतो.

अंतराळातून रेडिओ लहरी येतात हे १९३० च्या दशकापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंते कार्ल जान्स्की यांनी अटलांटिकपारच्या दूरध्वनी सेवेत येणाऱ्या खरखरीचा माग काढताना १९३३ मध्ये दाखवून दिले की तिचा एक भाग आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येतो. आणि ग्रोट रेबर यांनी १९३७ मध्ये आपल्या घराच्या आवारात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारून पुढील काही वर्षांत रेडिओ आकाशाचे पहिले नकाशे काढले. या लहरींचा मुख्य उगम प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांत आहे. चुंबकी क्षेत्रात असे इलेक्ट्रॉन वळसे घेत फिरतात तेव्हा ते सिंक्रोट्रॉन प्रारण या नावाने ओळखली जाणारी ऊर्जा बाहेर टाकतात, आणि तिचा मोठा वाटा रेडिओ लहरींच्या रूपाने पोहोचतो. इलेक्ट्रॉनांना एवढा वेग मुख्यतः दोन ठिकाणी मिळतो: दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून निघणाऱ्या झोतांत आणि जड ताऱ्यांच्या स्फोटांनंतर पसरणाऱ्या आघात-तरंगांत. पहिल्या प्रकारात एकच दीर्घिका अब्जावधी प्रकाशवर्षांवरून ठळक दिसते. दुसऱ्या प्रकारात दीर्घिकेत तारे किती वेगाने जन्म घेत आहेत याचा अंदाज येतो, आणि धूळ रेडिओ लहरींना अडवत नसल्याने हा अंदाज धुळीने झाकलेल्या दीर्घिकांबाबतही लागू पडतो. इलेस-एन१ सारख्या क्षेत्रात खोलवर पाहण्याचा मुख्य हेतू हाच आहे, कारण काहीशे मायक्रोजान्स्की एवढ्या मंद तीव्रतेच्या खाली गेल्यावर तारे घडवणाऱ्या साध्या दीर्घिकांचे प्रमाण झपाट्याने वाढत जाते.

जान्स्की हे तीव्रतेचे एकक त्या पहिल्या संशोधकाच्याच नावाने आहे, आणि ते अतिशय लहान आहे. एक चौरस मीटर क्षेत्रावर, एक हर्ट्झ एवढ्या कंप्रता-पट्ट्यात, एका वॅटचा एकावर सव्वीस शून्ये इतका सूक्ष्म अंश पडला तर ती तीव्रता एक जान्स्की होते. जीएमआरटीच्या इलेस-एन१ प्रतिमेतील रव, म्हणजे स्रोत नसतानाही दिसणारी अनियमित चढउताराची पातळी, सुमारे ४० मायक्रोजान्स्की होती. मायक्रोजान्स्की हा जान्स्कीचा दहा लाखावा भाग. केंब्रिजच्या प्रसिद्ध तिसऱ्या यादीच्या १९६२ मधील सुधारित आवृत्तीत १७८ मेगाहर्ट्झवर ९ जान्स्कींहून प्रखर असे ३२८ स्रोत होते. त्या पिढीला जे दिसले त्याहून हजारो पटींनी मंद वस्तू आज एका लहान क्षेत्रात मोजल्या जातात.

एवढी क्षमता एका तबकडीतून येत नाही. जीएमआरटीची एक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे, आणि ६१० मेगाहर्ट्झवर, जेथे लहरीची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर असते, तिला आकाशाचा साधारण पाऊण अंश रुंदीचा भाग एकदम दिसतो, पण त्या भागात कोणता स्रोत नेमका कुठे आहे हे तिला सांगता येत नाही. म्हणून अशा तीस तबकड्या उभारल्या आहेत: चौदा मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात पसरलेल्या तीन भुजांवर, ज्यामुळे सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर पडते. कोणत्याही दोन तबकड्यांनी एकाच वेळी टिपलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहिले की आकाशाच्या चित्राचा एक घटक मिळतो. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात, आणि पृथ्वी फिरत असताना प्रत्येक जोडीची आकाशाच्या संदर्भातील दिशा व लांबी बदलत राहिल्याने काही तासांत पुष्कळ वेगवेगळे घटक गोळा होतात. त्यांतून संगणकाने बांधलेली प्रतिमा पंचवीस किलोमीटर रुंदीच्या दुर्बिणीइतकी बारीक असते. इलेस-एन१ च्या सर्वेक्षणात सहा विकलांपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता आला. एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. एका रोखात मात्र पाऊण अंशच दिसत असल्याने एवढे क्षेत्र व्यापण्यासाठी दुर्बीण अनेक ठिकाणी रोखून, मिळालेल्या प्रतिमा कडेला कडा जोडून सांधाव्या लागतात.

प्रतिमा बांधण्याआधीचे काम वाचकांसमोर क्वचित येते, पण यादीची विश्वासार्हता तेथेच ठरते. मोबाइलचे मनोरे, उपग्रह, विमाने, विजेच्या तारांवर पडणाऱ्या ठिणग्या यांतून निघणाऱ्या लहरी दूरच्या दीर्घिकेच्या संकेताहून अनेक पटींनी प्रबळ असतात, त्यामुळे अशा लहरींनी बिघडलेला भाग ओळखून काढून टाकावा लागतो. वातावरणाच्या वरच्या थरांतील आयनांबर, म्हणजे सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या कणांचा थर, कमी कंप्रतेच्या लहरींची वाट किंचित वळवतो, आणि ही वळणे आकाशाच्या दिशेनुसार तसेच मिनिटागणिक बदलतात. ती दुरुस्त केली नाहीत तर स्रोत आपल्या जागेवरून सरकलेले आणि पसरट दिसतात. उपकरणाने दिलेला आकडा जान्स्कीत बदलण्यासाठी ज्यांची तीव्रता नीट माहीत आहे अशा स्रोतांकडे अधूनमधून पाहावे लागते, आणि खोडदला त्यासाठी वापरले जाणारे ३सी ४८, ३सी १४७ व ३सी २८६ हे स्रोत केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतलेच आहेत. साठहून अधिक वर्षांपूर्वीची एक यादी नव्या यादीसाठी मापाचा दगड म्हणून वापरली जाते, ही या शास्त्रातील सातत्याची फार सुंदर खूण आहे.

प्रतिमा तयार झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: तिच्यातील कोणता ठिपका स्रोत मानायचा? सहा विकला रुंदीच्या एका ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस विकला धरले, तर १२.८ चौरस अंशांत असे सुमारे चाळीस लाख स्वतंत्र ठिपके मावतात. प्रत्येक ठिकाणी रव आपल्या मर्जीने थोडा वर-खाली होत असतो. रवाची चढउतार नेहमीच्या घंटाकृती नियमाने होते असे मानले, तर निव्वळ योगायोगाने रवाच्या तीनपट उंची गाठणारे ठिपके हजारात एकाहून थोडे अधिक असतात, म्हणजे चाळीस लाखांत पाच हजारांच्या वर. ६,४०० खऱ्या स्रोतांच्या यादीत पाच हजारांहून अधिक खोटे स्रोत मिसळले तर ती यादी निरुपयोगी ठरेल. मर्यादा रवाच्या पाचपट ठेवली की योगायोगाची शक्यता दहा लाखांत एकाच्याही खाली जाते, आणि एवढ्या मोठ्या प्रतिमेत असा खोटा ठिपका एखादाच उरतो. पाचपटीचा नियम अनेक सर्वेक्षणांत आढळतो तो या हिशेबामुळे. तीन आणि पाच या अंकांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण यादी शास्त्राची राहते की अफवांची होते, हे त्यावर अवलंबून असते.

प्रत्यक्षातला रव इतका शिस्तीचा नसतो. प्रखर स्रोताभोवती उरलेले पट्टे आणि आयनांबराने ठेवलेले ओरखडे घंटाकृती नियम पाळत नाहीत, म्हणून मोजणाऱ्या संगणक-प्रणाली, ज्यांत पायबीडीएसएफ ही बरीच वापरली जाते, संपूर्ण प्रतिमेसाठी रवाचा एकच आकडा न धरता जागोजागी तो नव्याने मोजतात आणि प्रखर स्रोतांच्या शेजारी मर्यादा आपोआप कडक करतात. याशिवाय एक साधी पण चोख चाचणी केली जाते. प्रतिमेतील सर्व आकड्यांचे चिन्ह उलटवायचे, धनाचे ऋण आणि ऋणाचे धन करायचे, आणि त्याच प्रणालीला पुन्हा स्रोत शोधायला लावायचे. आकाशातून ऋण तीव्रतेचा स्रोत येणे शक्य नसल्याने उलट्या प्रतिमेत जे सापडेल ते सारे खोटे, आणि सरळ प्रतिमेतही साधारण तेवढेच खोटे असणार असे धरता येते. दुसऱ्या बाजूने, खरे असूनही निसटलेले किती हे कळण्यासाठी प्रतिमेत माहीत असलेल्या तीव्रतेचे कृत्रिम स्रोत पेरून त्यांपैकी किती परत सापडतात ते पाहतात. मर्यादेच्या अगदी जवळ हे प्रमाण घसरते. शिवाय तेथे रवाने योगायोगाने उचलून धरलेले मंद स्रोत यादीत शिरतात आणि रवाने खाली दाबलेले बाहेर राहतात, त्यामुळे शेवटच्या पायरीवरचे स्रोत आहेत त्याहून थोडे प्रखर नोंदले जातात.

एक नोंद म्हणजे एक वस्तू, असेही मानता येत नाही. कृष्णविवरातून विरुद्ध दिशांना निघालेले दोन झोत दीर्घिकेच्या बाहेर कित्येक लाख प्रकाशवर्षे जाऊन दोन पसरट पाकळ्या तयार करतात, आणि रेडिओ प्रतिमेत त्या दोन स्वतंत्र ठिपक्यांसारख्या दिसतात. मधली दीर्घिका रेडिओत कधी अगदी मंद असते, कधी दिसतही नाही. संगणक अशा वस्तूच्या दोन किंवा तीन नोंदी करतो. त्या एकाच स्रोताच्या आहेत हे ठरवण्यासाठी दृश्य किंवा अवरक्त प्रतिमेत दोन पाकळ्यांच्या मधोमध दीर्घिका आहे का ते पाहावे लागते, आणि पुष्कळदा हा निर्णय माणसाच्या डोळ्यांनीच घेतला जातो. इलेस-एन१ ला एवढे महत्त्व मिळाले ते यामुळेही, कारण तेथे अवरक्त आणि दृश्य प्रतिमा इतक्या खोल आहेत की बहुसंख्य रेडिओ नोंदींना त्यांची दीर्घिका सापडते आणि तिचे अंतरही अंदाजता येते. नुसती रेडिओ यादी स्रोताची दिशा आणि तीव्रता देते. तो जवळचा मंद दिवा आहे की दूरचा प्रखर, हे तिला माहीत नसते.

हे सारे नियम अनुभवातून आले, आणि तो अनुभव महागात पडला होता. केंब्रिज येथे मार्टिन राइल यांच्या गटाने ८१.५ मेगाहर्ट्झवर केलेली दुसरी यादी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात १,९३६ स्रोत होते, म्हणजे त्याआधी माहीत असलेल्या स्रोतांच्या कितीतरी पट. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स आणि त्यांचे सहकारी एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन लांब अँटेनांच्या दुर्बिणीने ८५ मेगाहर्ट्झवर आकाश मोजत होते. दोन्ही याद्यांत येणारा आकाशाचा जो समाईक भाग होता त्यातील नोंदी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा जुळणाऱ्या जोड्या फारच थोड्या निघाल्या. जवळपास एकच कंप्रता आणि तेच आकाश असताना याद्या मात्र दोन, हा प्रकार कोणत्याही मोजणी-शास्त्राच्या मुळावर येणारा होता.

दोष मुख्यतः केंब्रिजच्या यादीत निघाला, कारण तिथल्या दुर्बिणीचा ठिपका फार मोठा होता. अशा मोठ्या ठिपक्यात कित्येक मंद स्रोत एकाच वेळी येतात, त्यांची तीव्रता एकत्र होते, आणि प्रत्यक्षात कुठेही नसलेला एक प्रखर स्रोत यादीत नोंदला जातो. रवामुळे होणारी चूक अधिक वेळ निरीक्षण करून कमी करता येते. ही गल्लत तशी कमी होत नाही, कारण तिचे मूळ उपकरणाच्या बारकाव्यात असते. त्यानंतर ढोबळ नियम रूढ झाला की एका नोंदीमागे किमान वीस ते तीस ठिपक्यांएवढी जागा मोकळी असावी. इलेस-एन१ च्या यादीत एका स्रोतामागे सहाशेहून अधिक ठिपके येतात, त्यामुळे तेथे ही भीती नाही. केंब्रिजच्या गटाने पुढे १५९ मेगाहर्ट्झवर नव्याने काम करून १९५९ मध्ये ४७१ स्रोतांची तिसरी यादी काढली. ती दुसऱ्या यादीपेक्षा लहान होती आणि म्हणूनच टिकली. त्याच यादीतल्या ३सी २७३ या स्रोताची जागा १९६२ मध्ये चंद्राने त्याला झाकण्याच्या क्षणांवरून ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीद्वारे अचूक ठरवली गेली, आणि मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये त्याच्या वर्णपटातील रेषा जवळपास सोळा टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकल्याचे ओळखले, ज्यातून क्वेसार हा नवा वर्ग ज्ञात झाला.

मोजणीतल्या चुकीचा प्रश्न केवळ तांत्रिक राहिला नाही, कारण राइल यांनी या आकड्यांवरून विश्वाच्या इतिहासाविषयी निष्कर्ष काढला होता. स्रोत अवकाशात सारखे विखुरले असतील आणि अवकाश साध्या भूमितीचे असेल, तर दुप्पट अंतरावरचा स्रोत चौपट मंद दिसतो आणि दुप्पट त्रिज्येत आठपट स्रोत मावतात. म्हणून तीव्रतेची मर्यादा चौपट खाली आणली की मोजणी आठपट व्हायला हवी. राइल यांच्या मते मंद स्रोत याहून कितीतरी जास्त होते, म्हणजे दूरच्या, आणि म्हणून जुन्या काळातल्या विश्वात रेडिओ स्रोत अधिक होते. विश्व सर्व काळ सारखेच असते असे मानणाऱ्या, १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनी मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धांताला हा थेट धक्का होता. दुसऱ्या यादीवर आधारलेला दावा यादीबरोबरच कोसळला, पण १९६१ मध्ये राइल यांनी सुधारलेल्या निरीक्षणांवर तो पुन्हा मांडला. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर त्या वेळी केंब्रिजमध्ये हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी होते, आणि हॉइल व नारळीकर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले: स्रोत मोठ्या समूहांत एकवटलेले असतील आणि समूहांमध्ये मोकळ्या जागा असतील, तर स्थिर विश्वातही मोजणीचा असा उतार दिसू शकतो. या युक्तिवादाला मान द्यायलाच हवा, कारण यादीतले आकडे मान्य करूनही त्यांचा अर्थ वेगळा लागू शकतो, हे त्याने नेमके दाखवले.

पुढच्या याद्यांनी राइल यांचा मूळ कल बरोबर ठरवला, उतार त्यांनी प्रथम सांगितला होता तितका तीव्र नसला तरी. भारतातूनही या वादात महत्त्वाची साक्ष आली. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उटी येथे १९७० मध्ये पूर्ण झालेल्या, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बिणीने चंद्राआड जाणाऱ्या शेकडो मंद स्रोतांचे कोनीय आकार मोजले, आणि विजय कपाही व स्वरूप यांनी १९७५ मध्ये दाखवले की मंद स्रोतांचे सरासरी आकार ज्या रीतीने लहान होत जातात ते काळानुसार बदलणाऱ्या विश्वाशी जुळते. येथे साक्ष मोजणीची नव्हती, आकारांची होती, म्हणून मोजणीतल्या उणिवा तिला लागू नव्हत्या. नारळीकरांनी पुढे उभी केलेली आयुका ही संस्था आणि स्वरूप यांनी घडवलेले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, या दोन्ही संस्था आज पुणे विद्यापीठाच्या आवारात एकमेकांच्या शेजारी आहेत. विश्वरचनेच्या एकाच प्रश्नाला विरुद्ध बाजूंनी भिडलेल्या दोन परंपरा एका आवारात नांदाव्यात, ही महाराष्ट्राच्या विज्ञानजीवनातील अभिमानाची गोष्ट आहे.

लहान क्षेत्र खोलवर मोजायचे की सारे आकाश वरवर, हा निर्णय प्रत्येक सर्वेक्षणाला घ्यावा लागतो, आणि जीएमआरटीने दोन्ही केले आहे. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास २०१० ते २०१२ या काळात सुमारे दोन हजार तास निरीक्षण करून ‘टीजीएसएस’ या सर्वेक्षणात आकाशाचा नव्वद टक्के भाग व्यापला गेला. ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी आयनांबराच्या दुरुस्तीची खास पद्धत वापरून त्या साऱ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१७ मध्ये सुमारे ६,२०,००० स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. अशा यादीचा मोठा उपयोग दुसऱ्या कंप्रतेच्या यादीशी ताडून पाहण्यात आहे. सामान्य रेडिओ स्रोत कमी कंप्रतेकडे प्रखर होत जातो. १५० मेगाहर्ट्झवर तो ६१० मेगाहर्ट्झपेक्षा जवळपास तिप्पट प्रखर असतो. काही थोडे स्रोत मात्र पाच-सहा पटींहूनही जास्त चढतात, आणि त्यांच्यात अतिदूरच्या रेडिओ दीर्घिका सापडण्याची शक्यता अधिक असते. ‘टीजीएसएस जे१५३०+१०४९’ हा स्रोत असाच तीव्र उतारावरून निवडला गेला आणि पुढील निरीक्षणांत खरोखर अतिदूरची रेडिओ दीर्घिका ठरला. त्याचे नाव म्हणजे त्याचा पत्ता आहे: विषुवांश पंधरा तास तीस मिनिटे, क्रांती उत्तर दहा अंश एकोणपन्नास कला.

याच यादीने आणखी एक धडा दिला. आकाशाच्या एका बाजूला दुसऱ्यापेक्षा किती अधिक स्रोत दिसतात हे मोजून सूर्यमालेचा विश्वातील वेग ताडता येतो, आणि टीजीएसएसच्या मोजणीवरून काढलेली ही विषमता अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी आली. विश्वाविषयी काही नवे सापडल्याचा आनंद फार काळ टिकला नाही, कारण इतर याद्यांशी तुलना करता टीजीएसएसमध्ये तीव्रतेचे माप आकाशाच्या भागानुसार थोडे बदलत असल्याचे दिसून आले होते, आणि ही विषमता बहुधा त्या मापातूनच आली असावी असे पुढच्या अभ्यासांनी दाखवले. एका भागात तीव्रता काही टक्के जास्त मोजली गेली की मर्यादेखालचे कित्येक स्रोत वर येतात आणि तेथे दाटी झाल्यासारखी भासते. ताडून पाहायला इतर याद्या उपलब्ध होत्या, म्हणून ही चूक पकडता आली.

इलेस-एन१ वर काम चालूच आहे. सुधारित जीएमआरटीने ४०० मेगाहर्ट्झवर त्यातील सुमारे १.८ चौरस अंश भाग १५ मायक्रोजान्स्की रवापर्यंत तपासून २०१९ मध्ये २,५२८ स्रोत नोंदले, आणि नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या लोफार दुर्बिणीने १६० तासांहून अधिक निरीक्षण करून १४६ मेगाहर्ट्झवर २० मायक्रोजान्स्कीची पातळी गाठली. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली, भारताचाही सहभाग असलेली ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ ही दुर्बीण पूर्ण झाली की दक्षिण आकाशाची मोजणी याहून फार खोल जाईल. पण पंचावन्न अंश उत्तर क्रांतीवरचे हे क्षेत्र तेथून क्षितिजाच्या वर जेमतेम चार ते आठ अंश चढते, आणि एवढ्या खाली उपयुक्त निरीक्षण होत नाही. कालेयातला हा तुकडा मोजण्याचे काम त्यामुळे खोडद, नेदरलँड्स आणि न्यू मेक्सिको येथील उत्तर गोलार्धाच्या दुर्बिणींकडेच राहणार आहे.